पॉवर स्टेअरिंगचे जाम झालेले पाईप घरच्या घरी कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर स्टेअरिंगचा पाईप बदलायचा म्हणजे दोन नट, दोन-तीन क्लॅम्प आणि नवीन ऑइल, एवढंच काम. पण गाडी दहा-पंधरा पावसाळे खाल्लेली असेल, तर सगळा वेळ जातो तो जुना पाईप सोडवण्यात. बहुतेक प्रश्नही त्याबद्दलच येतात, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. जुना पाईप गेला तर जाऊ द्या, पण पंपाच्या आणि रॅकच्या (स्टेअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या भागाच्या) तोंडाचे आटे जाता कामा नयेत. पाईप बाजारात मिळतो. पंपाचे आटे गेले तर पंप आणि रॅकचे गेले तर अख्खा रॅक बदलायची वेळ येते, आणि तो खर्च पाईपच्या कितीतरी पट असतो. हात जोर लावायला लागला की हे आठवा.

माझ्या गाडीला हे लागू आहे का?

बॉनेट उघडा आणि पट्ट्यावर फिरणारा पंप आणि त्याच्याजवळ ऑइलची छोटी टाकी दिसते का पाहा. टाकीच्या झाकणावर बहुधा स्टेअरिंगच्या चाकाचं चिन्ह असतं. दिसली, तर तुमचं पॉवर स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे. क्वालिस, जुनी आणि क्रिस्टा इनोव्हा, सुमो, बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ या गाड्या या घराण्यातल्या. स्विफ्ट, वॅगनआर, आय१० यांसारख्या गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असतं. त्यांना ऑइलही नाही आणि पाईपही नाहीत, त्यामुळे हा विषय त्यांच्या मालकांचा नाही.

प्रेशरचा पाईप कुठला आणि रिटर्नचा कुठला?

पंपातून निघून रॅककडे (काही गाड्यांत स्टेअरिंग बॉक्सकडे) जातो तो प्रेशरचा. त्याची दोन्ही टोकं लोखंडी असतात आणि मधला रबरी भाग टोकांशी कायमचा दाबून बसवलेला असतो. रॅककडून टाकीकडे परत येतो तो रिटर्नचा. तो बहुतेक ठिकाणी साधा रबरी पाईप असतो आणि क्लॅम्पवर बसतो. टाकीतून पंपाकडे जाणारा तिसरा जाड रबरी पाईप असतो, त्यातून पंप ऑइल ओढतो.

फरक लक्षात ठेवायलाच हवा. टायरमध्ये आपण ३०-३३ पीएसआय हवा भरतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की प्रेशरच्या पाईपमध्ये हजार पीएसआयच्या वर दाब चढतो. रिटर्नमध्ये त्या मानाने काहीच नसतो. म्हणून रिटर्नच्या पाईपवर चालणारे जुगाड प्रेशरच्या पाईपवर चालत नाहीत.

हे नट इतके जाम का होतात? बसवताना तर फार आवळलेले नसतात.

बरोबर, आवळलेले बेताचेच असतात. जाम होतात ते गंजाने, आणि तेही दोन वेगवेगळ्या जागी.

पहिली जागा म्हणजे आटे. पंपाचं अंग बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं आणि नट लोखंडी. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांच्यामध्ये पांढरट भुकटी धरते आणि नट पकडला जातो. दुसरी जागा अनेकांच्या लक्षातच येत नाही: नटच्या पाठीमागे, जिथून पाईप नटात शिरतो तिथली बारीक फट. तिथे चिखल आणि पाणी साचतं, पाईप आणि नट एकमेकांना गंजून धरतात. नट फिरवला की मग पाईपही त्याच्याबरोबर पिळला जातो.

कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. रॅककडचा नट सगळ्यात वाईट असतो, कारण तो खाली असतो आणि पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट त्याच्यावर येतं. कॅनडात किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या आपल्या लोकांची अवस्था आणखी अवघड, कारण तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

घरात फिक्स पाना आहे. त्याने चालेल ना?

नाही. एवढं एक ऐका. फिक्स पाना नटच्या दोनच बाजू धरतो आणि जोर आला की त्याचं तोंड किंचित फाकतं. हे नट मऊ असतात. एकदा पाना सटकला की कोपरे गोल होतात आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

लागतो तो फ्लेअर नटचा पाना. ब्रेकचे पाईप खोलायला वापरतात तोच. दिसायला रिंग पान्यासारखा, पण पाईप आत सरकवण्यासाठी रिंगला एक खाच असते. तो नटच्या जवळजवळ सगळ्या बाजू धरतो. नट गाडीनुसार १४, १६, १७, १८ किंवा १९ मिमीचे असतात. पाना घेण्याआधी नट घासून साफ करा आणि नीट मापा. १७ च्या नटाला १८ चा पाना लागल्यासारखा वाटतो, आणि तिथेच कोपरे जातात.

पान्यावर पैसे वाचवू नका. स्वस्त फ्लेअर पान्याचं तोंडही फाकतं. कामापुरता ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणलात तरी उत्तम.

तयारी काय करायची?

काम आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. वायर ब्रशने प्रत्येक नट आणि त्याच्यामागचा दोन इंच पाईप उघडा पडेपर्यंत घासा. चिखल-ग्रीसचा थर असेल तर आधी रॉकेलच्या चिंधीने पुसा. मग गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी परत एकदा मारा.

सकाळी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा आणि पुढची बाजू जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, कारण पंपाच्या आसपास पाना कुठेही टेकू शकतो.

टाकीतलं ऑइल औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजला पातळ नळी जोडून ओढून काढा. उरलेलं ऑइल पाईप सोडल्यावर सांडणारच आहे, त्यासाठी खाली पसरट घमेलं ठेवा. पंपाच्या खाली अल्टरनेटर असेल तर त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. ऑइल आत गेलं तर नसता खर्च उभा राहतो. पट्ट्यावर ऑइल पडलं तर तो घसरायला लागतो, तेव्हा तोही झाका.

आणि मोबाइलवर भरपूर फोटो काढा. पाईप कुठून वळतो, कुठल्या पट्टीखालून जातो, एक्झॉस्टपासून किती लांब आहे, हे काढल्यावर आठवत नाही.

कोणता स्प्रे चांगला? डब्ल्यूडी-४० मारलं तर?

डब्ल्यूडी-४० हे मुळात ओलावा हटवण्यासाठी बनवलेलं तेल आहे. १९५३ पासून ते त्याच कामासाठी ओळखलं जातं. हलक्या गंजावर ते चालतं, पण खोल जाम झालेल्या आट्यांसाठी खास 'पेनिट्रेटिंग' म्हणून विकलं जाणारं तेल घ्या. घरगुती मिश्रण हवं असेल तर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं. ते चांगलं शिरतं, पण ते दोन्ही आपोआप वेगळे होतात, तेव्हा दर वेळी हलवून लावा. ॲसिटोन झटकन पेट घेतं आणि गाडीचा रंगही खातं. मोकळ्या हवेत, ब्रशने, थेंब-थेंब लावा.

स्प्रे कुठला यापेक्षा तो कुठे मारता हे महत्त्वाचं. बहुतेक लोक नटच्या षटकोनावर मारतात आणि तिथून तो नुसता ओघळून जातो. नट जिथे पंपाला टेकतो ती सांध्याची रेघ, आणि नटच्या पाठीमागे पाईप शिरतो ती फट, या दोन जागा ओल्या झाल्या पाहिजेत. मारल्यावर हलक्या हातोडीने नटवर चारी बाजूंनी टकटक करा, म्हणजे तेल आत ओढलं जातं. पंपाच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर मात्र हातोडी नको, ते तडकतं.

नट नेमका कसा सोडवायचा?

आधी दिशा पक्की करा. नटच्या पाठीमागून, म्हणजे पाईपच्या बाजूने बघताना, घड्याळाच्या उलट दिशेने नट सुटतो. गाडीखाली उताणं पडून हात वर केला की डोकं गोंधळतं आणि माणूस जीव खाऊन नट आवळत बसतो. नटवर खडूने बाण काढून ठेवा.

पाना पूर्ण बसवा, नटच्या मधोमध. अर्धवट बसलेला पाना नटचं एकच टोक धरतो. मग पहिला जोर आवळायच्या दिशेने, अगदी हलका द्या. गंजाची पकड तुटण्यासाठी एवढा धक्का पुष्कळदा पुरतो. त्यानंतर सोडायच्या दिशेने. सलग दाबत राहण्यापेक्षा पान्याच्या शेपटीवर तळहाताने छोटे छोटे झटके मारा.

आता कान आणि हात दोन्ही लावा. नट सुटताना 'टक्' असा कोरडा, स्पष्ट आवाज येतो आणि हाताला एकदम मोकळं वाटतं. त्याऐवजी पाना लोण्यात फिरल्यासारखा मऊ, हळूहळू सरकत असेल, तर नट सुटत नाहीये. एक तर कोपरे मारले जातायत किंवा पाईप पिळला जातोय. तिथल्या तिथे थांबा.

'टक्' झाल्यावरही सरळ फिरवत सुटू नका. पाव फेरी सोडा, तेल मारा, थोडं परत आवळा, पुन्हा पाव फेरी सोडा. आट्यांमधली भुकटी अशी पुढे-मागे करूनच बाहेर येते. घाईत फिरवला तर तीच भुकटी पुढच्या आट्यात अडकते आणि नट अर्ध्यात पुन्हा पकडतो. पंपाचे आटे बहुधा असेच जातात, नट सुटल्यानंतरच्या घाईत.

पाईप ज्या तोंडात बसतो त्या तोंडालाही षटकोन असेल, तर तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. नाहीतर नटबरोबर तेही फिरायला लागतं.

पान्याला लांब पाईप जोडून जोर लावायचा मोह टाळा. जोर वाढतो, पण हाताला येणारी जाणीव जाते. हातोडीने चालणारा इम्पॅक्ट किंवा हवेची गन या नटांवर नकोच.

नट फिरतोय, पण पाईपही त्याच्याबरोबर फिरतोय. आता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. मुळात तो वेळेत लक्षात यायला हवा. त्यासाठी काम सुरू करायच्या आधी व्हाइटनरने नटवरून पाईपवर एक सरळ रेघ ओढून ठेवा. नट फिरल्यावर रेघ तुटली तर ठीक. रेघ तशीच सरळ राहिली तर पाईप पिळतोय.

पाईप बदलायचाच असेल, तर इथे अडकायचं काहीच कारण नाही. पुढच्या प्रश्नातला उपाय थेट करा आणि पाईप कापा.

तोच पाईप परत बसवायचा असेल, उदाहरणार्थ रॅक किंवा पंपाच्या कामासाठी फक्त सोडवत असाल, तर नटच्या मागच्या फटीत तेल मारून वाट पाहा. पाईप सरळ असेल तिथे चामड्याचा तुकडा गुंडाळून लॉकिंग पक्कडीने हलका धरा आणि नट एका वेळी अगदी थोडा, पुढे-मागे, पुढे-मागे करा. उद्देश नट काढण्याचा नाही, नट आणि पाईप एकमेकांपासून मोकळे करण्याचा आहे. एकदा नट पाईपवर सुटा फिरला की बाकीचं सोपं. या कामाला तास-दीड तास गेला तरी तो सत्कारणी लागला असं समजा.

नट गोल झाला. गॅरेजला न्यावं लागेल का?

लगेच नाही. या क्रमाने जा.

पाईप नवा येणार असेल, तर नटपासून बोटभर अंतर सोडून पाईप हॅकसॉने कापून टाका. ग्राइंडर नको, आत ऑइल आहे आणि ठिणग्या उडतात. कापल्यावर पाईप आडवा येत नाही, त्यामुळे लांब, सहाकोनी गोटी (सॉकेट) नटवर पूर्ण बसते. बाराकोनी गोटी वापरू नका. सहाकोनी गोटी नटच्या सहाही सपाट बाजू धरते, आणि जो नट फ्लेअर पान्याला दाद देत नव्हता तो बहुतेक वेळा निमूट सुटतो. खरं तर नट गोल व्हायची वाट बघण्यातही अर्थ नाही. पाईप टाकूनच द्यायचा आहे, तर पहिलाच उपाय हा करा. एवढ्या सोप्या युक्तीकडे लोक जुना पाईप 'सलामत' काढण्याच्या नादात दुर्लक्ष करतात, याचं वाईट वाटतं.

कोपरे आधीच गेले असतील, तर एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा: १७ च्या नटावर १६ ची. कोपरे कमी गेले असतील तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू घासून सपाट करा आणि घट्ट बसणारा पाना लावा. याने नाही झालं तर उत्तम प्रतीची लॉकिंग पक्कड, पूर्ण आवळून. साध्या पक्कडीने आणि पाइप पान्याने नट आणखी खराब होतो.

जागा अगदीच अडचणीची असेल आणि पंप तीन-चार बोल्टवर बसलेला असेल, तर कापलेल्या पाईपसकट पंप खाली उतरवा आणि वाइसमध्ये धरून नट काढा. उताणं पडून केलेल्या कामापेक्षा टेबलावरचं काम दहापट सुरक्षित.

गॅसचा टॉर्च लावून गरम केला तर नट सुटेल ना?

सुटेलही, पण गाडीवर उघडी ज्योत लावू नका. हे ऑइल पेट घेतं, आजूबाजूला रबर आणि वायरिंग असतं, शिवाय तुम्ही रात्रभर तेल मारलेलं आहे.

उष्णतेचा उपयोग खरा आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे पंपाचं तोंड गरम झालं की ते लोखंडी नटला थोडं मोकळं करतं. त्यासाठी हीट गन पुरते. आधी स्प्रे, ॲसिटोन, सांडलेलं ऑइल सगळं पुसून कोरडं करा, मग नट नव्हे तर नटभोवतीचं अंग गरम करा आणि हाताला चटका बसेल एवढं झालं की पाना लावा. आग विझवायचं साधन किंवा निदान वाळूची बादली हाताशी ठेवा. गरम केलेल्या सांध्यातली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) पुन्हा वापरू नका. पंप उतरवून टेबलावर घेतला असेल तर हे काम आणखी निर्धास्तपणे करता येतं.

रबरी रिटर्न पाईप नळीवर घट्ट चिकटलाय. ओढू का?

ओढू नका. टाकीची नळी प्लॅस्टिकची असते आणि जुनं प्लॅस्टिक ओढाताणीत कटकन तुटतं. क्लॅम्प मागे सरकवा, पाईप आधी पिळून सुटा करा, मग काढा. पिळला जात नसेल आणि बदलायचाच असेल, तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा आणि सोलून काढा. ब्लेड आतल्या नळीला लागू देऊ नका. नळीवर उभी रेघ पडली की नवा पाईप तिथूनच झिरपतो.

बोल्टला आरपार भोक असलेला बॅन्जो जोड आहे, तिथे काय?

हा सगळ्यात सरळ. बोल्टच्या डोक्याला सहाकोनी गोटी नीट बसते. पाईप हाताने धरून ठेवा, नाहीतर बोल्टबरोबर फिरून वाकतो. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर टाकून द्या आणि नवे लावा. जुना वॉशर कधीकधी पंपाच्या तोंडाला चिकटून राहतो आणि लक्षात येत नाही. तो काढला नाही तर एकावर एक दोन वॉशर बसतात आणि जोड गळतो.

नट तुटला आणि आटे आतच राहिले. आता?

इथे घरचं काम थांबवा. वरकरणी अर्धा इंचाचा तुकडा आहे, पण ड्रिल मारताना लोखंडाचा किस पंपात किंवा रॅकमध्ये गेला तर आतल्या झडपा आणि सील दोन्ही जातात. पंप किंवा रॅक सोडवून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. तो तुकडा काढून आटे साफ करून देईल. आटे थोडेच दुखावले असतील तर योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून हाताने फिरवला तरी भागतं. ग्रीस किस धरून ठेवतं.

नवा पाईप बसवताना टेफ्लॉन टेप लावू का?

अजिबात नाही. या जोडांत आटे गळती थांबवत नाहीत. गळती थांबते ती पाईपच्या फुलवलेल्या टोकामुळे किंवा ओ-रिंगमुळे. टेप लावला तर टोक नीट बसत नाही आणि टेपचा तुकडा सुटून झडपेत जाऊन बसतो. सीलंट आणि एम-सील यांनाही तेच उत्तर.

ओ-रिंग नवी घ्या, त्याच मापाची आणि पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलला चालणारी. बसवण्यापूर्वी तिला तेच ऑइल चोळा. नट पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागतोय, काढून परत लावा. दोन्ही टोकं हाताने लावून झाल्यावर, पाईप फोटोत होता तसाच वळवून, मगच पान्याने आवळा. किती आवळायचं तो आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ओ-रिंगच्या जोडाला फार जोर लागत नाही.

माझ्या गाडीचा प्रेशर पाईप बाजारात मिळत नाही. दुसरा बनवून घेता येईल?

येतो. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली अशा एमआयडीसींच्या आसपास जेसीबी आणि कारखान्यांच्या यंत्रांसाठी हायड्रॉलिक पाईप दाबून देणारी दुकानं असतात. जुन्या पाईपची लोखंडी टोकं चांगली असतील तर त्यांवर नवा पाईप बसवून देतात. मागताना तापमान सांगा. बॉनेटखाली, एक्झॉस्टजवळ हा पाईप खूप तापतो आणि साध्या हायड्रॉलिक पाईपची मर्यादा साधारण १०० अंशांची असते. शिवाय गाडीच्या मूळ पाईपचं रबर पंपाचे ठोके शोषण्यासाठी किंचित फुगेल असं बनवलेलं असतं. जेसीबीचा कडक पाईप लावला तर तो फुटणार नाही, पण स्टेअरिंग वळवताना घूं असा आवाज येऊ शकतो. मिळत असेल तर पॉवर स्टेअरिंगसाठीचाच पाईप मागा.

लोखंडी पाईपच्या भोकावर वेल्डिंग करून घेणं, किंवा भोकावर रबर गुंडाळून क्लॅम्प आवळणं, हे प्रेशरच्या बाजूला करू नका. रस्त्यात सुटलं तर गरम ऑइल एक्झॉस्टवर पडतं आणि स्टेअरिंग एकाएकी जड होतं.

ऑइल कुठलं भरायचं?

टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. बऱ्याच गाड्यांना डेक्स्रॉन जातीचं, ऑटोमॅटिक गिअरचं लाल ऑइल लागतं. काही कंपन्या स्वतःचंच ऑइल मागतात, होंडा त्यांपैकी एक. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका. ते सगळे सील फुगवून खराब करतं.

पाईप बसला, आता हवा कशी काढायची?

पुढची चाकं हवेत असतानाच टाकी भरा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळू फिरवा. दुसऱ्या कोणाला टाकीकडे बघायला सांगा, पातळी उतरेल तसं ऑइल ओतत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करा आणि परत फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तिथे दाब सर्वाधिक असतो. ऑइल फेसाळ, दुधी दिसलं तर इंजिन बंद करून अर्धा तास बसू द्या आणि पुन्हा करा. टाकी रिकामी असताना इंजिन चालू करायचं नाही, पंप कोरडा फिरून खरवडतो.

गळती कशी तपासू? हात फिरवून कळेल?

हात लावू नका. इंजिन चालू असताना प्रेशरच्या पाईपमधून बारीक भोकातून सुटलेली धार त्वचेतून आत शिरू शकते. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, आतलं नुकसान मोठं असतं, आणि असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासात हॉस्पिटल गाठायचं. तपासायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. जोडाजवळ पुठ्ठा धरा, कोणाला तरी स्टेअरिंग वळवायला सांगा, डाग पडतो का बघा. जोड झिरपत असेल तर इंजिन बंद करून मगच पाना लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली कागद अंथरून बघा, आणि आठवडाभराने पातळी परत तपासा.

निघालेलं जुनं ऑइल कुठे टाकू?

गटारात किंवा मातीत नाही. बाटलीत भरून ज्या गॅरेजमध्ये वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करतात तिथे द्या. कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं.

पुढच्या वेळी नट असा जाम होऊ नये म्हणून काही करता येतं?

हो, आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. नवा पाईप लावून, गळती नाही याची खात्री झाली की, नटच्या मागच्या फटीत आणि पाईपच्या पहिल्या दोन इंचांवर पाण्याला न जुमानणारं ग्रीस भरा. ते जोडाच्या आत, पाईपच्या फुलवलेल्या टोकावर जाऊ देऊ नका. दर वर्षी पावसाळा संपला की रॅकजवळचा चिखल धुऊन काढा, वाळू द्या आणि ग्रीस परत लावा. कोकणात गाडी असेल तर पावसाळ्याच्या आधीही एकदा.